बसून खाण्याचा इतिहास

पगार झाला की आपल्यातली पोरं हल्ली एक प्रश्न विचारतात. मुंबईत जाऊन निवांत बसून स्टेक खायचा तर कुठं जायचं? फार भपका नको, टायवाला वेटर नको, पण टेबल स्वच्छ पाहिजे, पंखा पाहिजे आणि कुणी उठवायला नको. प्रश्न साधा वाटतो. बोईसरच्या नाक्यावर चहा पिताना काही जण त्याला हसतात. म्हणतात, आंदोलनाच्या पोरांना हे काय सुचतंय?

मला हसू येत नाही. पैसे देऊन कुठल्या टेबलाशी बसायचं आणि समोर काय मागवायचं, हे ठरवायची मोकळीक आपल्या माणसाला आत्ता आत्ता मिळालीय. आमच्या आज्याच्या बापाला ती नव्हती. म्हणून हा हॉटेलचा इतिहास मांडतो. यात आपल्या बापजाद्यांचं पोट आहे आणि इज्जतही आहे.

सुरुवात कोल्हापुरातून करू. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्ण नोकरांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराज परगावी होते. आल्यावर गंगारामनी पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामना सांगितलं, स्वतःचा धंदा कर. त्यातनं कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल निघालं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता, गिऱ्हाईक मात्र येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांनी स्वतःची गाडी त्या हॉटेलसमोर उभी करून चहा मागवला. स्वतः प्यायले आणि बरोबरच्या लोकांनाही पाजला. छत्रपती पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

यातली खुबी बघा. महाराज हुकूम काढून थांबले असते तर हुकूम कागदावर राहिला असता. त्यांनी रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, पेला तोंडाला लावला. अस्पृश्यता पेल्यातच बसलेली असते, हे त्या राजाला कळलं होतं.

बाबासाहेबांनाही हे कळलेलं होतं, अंगावर सोसून. 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा हिंदू हॉटेलात जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेला घोळका आला आणि त्यांना बाहेर काढलं. परदेशातल्या विद्यापीठात शिकून आलेला माणूस दिवसभर बडोद्यात निवारा शोधत फिरला आणि शेवटी रात्रीची गाडी पकडून मुंबईला आला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. अलीकडं इराण्या-पारशांच्या जुन्या मुंबईवर फार गोड गोड लिहिलं जातं. ते वाचताना बडोदा आठवत जा.

म्हणून राज्यघटनेचं 15 वं कलम उघडून वाचा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेतलीत. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथं कुणाला अडवायचं नाही. घटनेसारख्या मोठ्या दस्तात हॉटेल कशाला आलं? ज्याला दारातून परत लावलं, त्यालाच ते विचारा. पुढं 1955 साली अस्पृश्यता गुन्ह्याचा कायदा झाला. त्यात तर हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हासुद्धा गुन्हा ठरला. कपबशी कायद्यात आली! गावोगाव हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला आपला फुटका कप वेगळा होता, म्हणून आली. 1976 साली त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं.

आता गिरणीकडं येतो, कारण मी गिरणीचा माणूस. मी तारापूर एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात पाळी करतो, उमरोळीला राहतो. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यात आमच्या घराची मुंबई सुटली. आजा सांगायचा, त्याच्याही बापाच्या काळी विणखात्यात, म्हणजे साच्यांवर, आपल्या माणसाला घेत नसत. पगार तिथंच जास्त. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. आपल्या मजुराला सगळी खाती खुली करा म्हणाले. पेला, हौद, धोटा, सगळीकडं गोष्ट एकच. तोंड लागलं की बाटलं.

त्याच मुंबईत गिरणगावच्या कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द-केरमानकडून ही माणसं आली. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापाऱ्याला अशुभ वाटायची, ती यांनी घेतली, असं म्हणतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, ब्रून मस्का, पानी कम चाय. धोबी तलावची कयानी 1904 ची, ग्रँट रोडची मेरवान 1914 ची, कुलाब्याची ऑलिंपिया 1918 ची. पाटी वाचून आत जावं लागायचं नाही. दुसरीकडं 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणी खानावळ' अशा पाट्या होत्या, त्या वाचूनच आपला माणूस पुढं सरकायचा. पाटीवर 'तू नको' असं लिहावं लागत नाही. कोण पाहिजे तेवढं लिहिलं की पुरतं.

तर मोकळं बसायला आपल्याला इराणी होता आणि पोटभर स्वस्त जेवायला भेंडीबाजार-नागपाड्याकडची मुसलमानी हॉटेलं. तिथं 'बडे का' मिळायचं. पाया, निहारी, खिमा. मजुराला परवडणारं मटण तेच. बोकडाचं मटण सणाला.

इथं खरी गाठ आहे, ती सोडवायची तर घरातलं बोलावं लागेल. आमची आजी चान्यांबद्दल बोलायची. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, पावसाळ्यात चुलीत भाजायच्या. वजडी, खूर, रक्ती, काही टाकायचं नाही. पण आईसमोर हा विषय काढला की तिचा चेहरा बदलतो. 'आपण ते सोडलंय, बाबासाहेबांनी सांगितलंय.' आणि कॉलेजातली पोरं म्हणतात, ते आपलं अन्न आहे, लाजायचं काय? दोन्ही बाजू बाबासाहेबांचंच नाव घेतात.

मग बाबासाहेबांनी सांगितलं काय? 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला परिषद झाली. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचं पाणी प्यायलो, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच परिषदेत त्यांनी बजावलं होतं की मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, उष्टं-शिळं मागून आणू नका. म्हणजे आक्षेप कशावर? मढं ओढायचं, त्याच्या बदल्यात ते खायचं, आणि ह्या वेठीला वतन म्हणून मिरवायचं, यावर. पुढं 1948 साली त्यांचं अस्पृश्यांच्या मुळावरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी वेद-ब्राह्मणग्रंथांतले आधार देऊन दाखवलं की पूर्वी ब्राह्मणसुद्धा गोमांस खात. पाहुण्याला 'गोघ्न' म्हणत, कारण त्याच्यासाठी गाय कापली जाई. त्यांचं म्हणणं असं की बौद्ध धर्माशी झालेल्या झगड्यात ब्राह्मणांनी गोमांस सोडलं, गाय पवित्र केली, आणि गावाबाहेरचे जे पांगलेले बौद्ध लोक मेलेल्या गाईचं मांस खात राहिले ते इसवी सन 400 च्या सुमारास अस्पृश्य ठरले. ताटावरून माणसाची जात पाडली गेली, हा त्याचा सारांश.

आणखी एक. 1920 नंतर लंडनला शिकताना बाबासाहेब अर्धपोटी राहत. त्यांच्या चरित्रात बोव्हरिलच्या कपाचा आणि पापडांचा उल्लेख आहे. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क, गरम पाण्यात घालून पितात. त्या थंडीत तो कप पिऊन माणूस रात्र रात्र वाचत होता. त्याला बाट लागला नाही, ज्ञान लागलं.

म्हणून मी आईला सांगतो, तू सोडलंस ती लाचारी. ते बरोबरच केलंस. आणि पोरांना सांगतो, विकत घेतलेलं ताजं मांस खाणं ही लाचारी नव्हे, पण ते खाल्लं म्हणजे क्रांती झाली असंही नव्हे. मढं ओढायचं सोडणं ही क्रांती होती. जुलै 2016 मध्ये गुजरातेत ऊना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून मारलं. त्यानंतर तिथल्या आपल्या लोकांनी मेलेली जनावरं उचलायचं नाकारलं. महाडनंतर नव्वद वर्षांनीही तोच धडा.

आता आजच्या ताटाचा कायदा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला बंदी 1976 च्या कायद्यानं आली. बैल आणि वळू दाखला घेऊन कापता येत. 1995 साली विधिमंडळानं तीही बंदी मंजूर केली, पण राष्ट्रपतींची सही झाली 2015 च्या फेब्रुवारीत. मार्चपासून कायदा लागू झाला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयानं 6 मे 2016 ला बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा राहणार नाही असा निकाल दिला. माणसाच्या घरात काय शिजतं यात सरकारनं डोकवायचं नाही, हा त्यामागचा विचार.

तर आज मुंबईत स्टेक म्हणून समोर येतो तो बहुतेक म्हशीच्या जातीचा. पाठीच्या कण्याखालचा जो मऊ लांब तुकडा, त्याला मुंबईतले खाटीक 'अंडरकट' म्हणतात. त्याचा आडवा जाड काप तव्यावर किंवा जाळीवर भाजला की झाला स्टेक. आत लाल ठेवला तर रेअर, गुलाबी ठेवला तर मीडियम, पूर्ण शिजवला तर वेल डन. बाकीचं जनावर तेच, जे कुर्ल्याच्या हॉटेलात 'बडे का' होऊन कमी पैशात मिळतं. कुलाब्या-वांद्र्याला त्याच्यावर मिरीचा रस्सा पडतो, बाजूला उकडलेला बटाटा येतो, आणि आमची दीड-दोन दिवसांची हजेरी जाते. बंदीनं स्टेकवाल्याचं फार बिघडलं नाही, त्यानं म्हैस घेतली. बिघडलं ते बैलाच्या मांसावर जगणाऱ्या खाटकाचं, कातडी कामगाराचं, भाकड बैल विकता न येणाऱ्या शेतकऱ्याचं आणि स्वस्तात पोट भरणाऱ्या मजुराचं.

मग जायचं कुठं? 2013 पासून डहाणूची लोकल थेट चर्चगेटला जाते. उमरोळीहून दोन तासांच्या वर लागतात, पण गाडी बदलायची कटकट नाही. जागा निवडताना चार गोष्टी बघा. पहिली, दराचा तक्ता बाहेर लावलाय का. लपवलेला दर हा गरिबाला हाकलायचा सभ्य मार्ग आहे. दुसरी, टेबलं जवळजवळ आहेत का आणि अनोळखी माणसं एका टेबलाला बसतात का. कुलाब्याच्या जुन्या कॅफेंत ही रीत अजून दिसते. मॉन्डेगारच्या भिंतीवर मारियो मिरांडाची चित्रं आहेत, तीच बघत बसावं. तिसरी, एक प्लेट दोघांत मागितली तर दुसरी ताटली कपाळाला आठी न घालता येते का. चौथी, मांस कशाचं हे विचारल्यावर सरळ उत्तर मिळतं का.

मागच्या वर्षी आम्ही तिघं पाळी संपवून एका ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही. अर्धं हॉटेल रिकामं होतं, तरी दारावरच्या माणसानं आमच्या चपलांकडं बघितलं आणि 'सगळं बुक आहे' म्हणाला. जात विचारली नाही. हल्ली विचारत नाहीत. शहरानं चपलेवरून ओळखायला शिकून घेतलंय. आम्ही बाजूच्या इराण्याकडं गेलो, खिमा-पाव खाल्ला, तासभर बोलत बसलो, कुणी उठवलं नाही. असे इराणी आता बोटावर मोजण्याइतके राहिलेत. काळ्या घोड्याचं वेसाईड इन, जिथं अरुण कोलटकर वर्षानुवर्षं बसत, तेही गेलं.

तेव्हा दोस्तांनो, स्टेक खा किंवा सातपाटीचं पापलेट खा, नाहीतर डाळभात खा. खाण्यावरून कुणाला मोठं ठरवू नका. जो खात नाही त्याच्या ताटात घालू नका आणि आपल्या ताटात कुणाला हात घालू देऊ नका. पण दारावर कुणी अडवलं तर मुकाट परत फिरू नका. नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा, दोन साक्षीदार करा. जात काढून अडवलं असेल तर 1955 चा कायदा अजून जिवंत आहे, पोलीस ठाण्यात त्याचं नाव घ्या. आणि पहिल्यांदा जाल तेव्हा आईला बरोबर न्या. ती काहीही मागवू दे, नुसता चहा मागवू दे. फक्त टेबल मधलं घ्या, दाराजवळचं नको.

जय भीम.