वेळास, मार्च 2003

केवड्याच्या बनातून तुम्ही बाहेर पडता आणि पायाखाली पुळण लागते. साल 2003, महिना मार्च. गावात शिमग्याचे दिवस आहेत, आंब्याच्या कलमांवर लहान कैऱ्या धरल्या आहेत. कासवं बघायला म्हणून वेळासला येण्याची रीत अजून पडायची आहे.

सूर्य तुमच्या पाठीमागे, डोंगराआड आहे. त्यामुळे किनारा सावलीत आणि समुद्र आधी उजळलेला. उत्तरेला सावित्रीची खाडी आणि बाणकोटचा किल्ला. ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात कुरवांचा थवा बसलाय. नीट पाहा, हिवाळाभर पांढरी असलेली काहींची डोकी आता तपकिरी होऊ लागली आहेत. कोकणात वसंत असाही येतो. हे पाहुणे लवकरच उत्तरेकडे निघतील.

सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुड बसलाय, पोट पांढरंशुभ्र. गेल्या वर्षी, 2002 मध्ये, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं भाऊ काटदरे यांच्याबरोबर याच गरुडाच्या अभ्यासासाठी या किनाऱ्यांवर फिरत होती. वर बघत हिंडणाऱ्यांना खाली वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गावाला त्यात नवल नव्हतं. कासव येतं, अंडी घालतं, ती उकरून खायची किंवा विकायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिलंय, पण कागद रात्री किनाऱ्यावर राखण करत नाही.

तुमच्या पुढे चालणारा माणूस ती राखण करतो. हातात काठी, नजर वाळूवर. एका जागी तो थांबतो. पाण्यापासून वर आलेला रुंद माग, दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे तिरपे फटकारे, आणि पाण्याकडे परत जाणारा दुसरा माग. मधे वाळू विस्कटलेली. रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी इथे येऊन गेली. खड्डा बुजवल्यावर ती आपलं सारं वजन डावी-उजवीकडे आपटून वाळू घट्ट बसवते, वर वाळू उडवून जागा लपवते. तरी याला ती सापडते. काठी हळूच टोचत जातो, एका ठिकाणी ती किंचित सैल आत शिरते. अंडी शोधून विकणाऱ्यांची हीच विद्या. तीच आज अंडी वाचवायला कामी येते, आणि मला वेळासची सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. बाहेरून आलेला कितीही शिकलेला माणूस असो, ही काठी त्याच्या हातात बोलली नसती.

“गुडघे टेका. हातानेच उकरा. अंडं फिरवू नका, जसं आहे तसंच उचला.”

हात दीड फुटापर्यंत खाली जातो. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, ओलसर, दाबलं तर किंचित दबणारं अंडं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे असतात. तळाशी घरट्यातलीच वाळू घातलेल्या टोपलीत तुम्ही एकेक ठेवता. कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून सुरक्षित, जाळी लावलेल्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा तयार आहे. पन्नासएक दिवस वाळूची ऊब हेच त्यांचं पोसणं. नर की मादी, तेही तीच ठरवते: वाळू जास्त तापली तर माद्या वाढतात.

कुंपणात एका जुन्या घरट्याची वाळू खचलीय. आधी एक काळपट डोकं, मग वल्ही, मग एकदम दहा-बारा पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून वर येतात. बोटाएवढी. ती टोपलीतून नेऊन पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायची, कारण ही वाट त्यांनी स्वतःच चालायची असते. उजळलेल्या समुद्राकडे ती सरळ निघतात. एक पायाच्या ठशात अडकतं, तुमचा हात पुढे होतो.

“राहू दे. चढेल ते.”

चढतं. लाट येते, मागे फेकते. दुसरी घेऊन जाते. वाचतील त्यांतली फार थोडी, हजारात एखादं असं जाणकार म्हणतात.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की इथे कासव महोत्सव भरेल, घरोघरी पाहुणे उतरतील, आणि 2022 च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसेल. राखण करणाऱ्या त्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही. तो टोपली झटकतो, काठी उचलतो.

“चला, केळशीच्या बाजूचा तुकडा राहिलाय. उन्हं तापायच्या आत बघून घेऊ.”