धास्ती, धाक आणि देवभीरुता

इंग्रजीतील 'ड्रेड' हा शब्द मराठीत आणताना लेखणी अडखळते. 'भय' म्हणावे तर ते फारच सर्वसाधारण. संस्कृत 'भी' धातूची ही संतती. भीती, भीषण, भित्रा ही सारी त्याच घरची. 'दहशत' अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि कँडीसाहेबांनी १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश पुरा केला, तेव्हा या शब्दांच्या छटा निवडताना त्यांना किती श्रम पडले असतील!

'ड्रेड'मध्ये संकट अद्याप आलेले नसते. ते येणार या जाणिवेनेच जीव टांगणीला लागतो. ही आपली धास्ती. पेण-रोह्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा आणि रोहे तालुक्यातील नागोठणे येथे हाहाकार उडविला. पाणी घरात शिरले तेव्हा वाटले ते भय. पुढल्या पावसाळ्यात रात्री पागोळ्या वाजू लागताच जी झोप उडाली, ती धास्ती.

परंतु जुन्या इंग्रजीत राजालाही 'ड्रेड' हे विशेषण आदराने लावीत. तिथे धास्ती चालणार नाही. तिथे हवा धाक, दरारा. यशयाच्या अकराव्या अध्यायाच्या आधारे ख्रिस्तसभा पवित्र आत्म्याची सात दाने मानते, त्यांत परमेश्वराचे भय हे एक. संत थॉमस अक्विनास याचे दोन प्रकार करतात: दासाला शिक्षेचे भय, पुत्राला पित्याचे मन दुखावण्याचे. आपल्या भाषेने हा भेद केव्हाच ओळखला आहे. 'देवभीरू' आणि 'पापभीरू' ही आपल्याकडे स्तुती आहे. 'देवाची धास्ती' असे कुणी म्हणत नाही. (बालकांना धर्मशिक्षण देताना काही जण नेमकी तीच घालतात, हे दुर्दैव.)

पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत पहिले नाव आहे अभय. याच विनोबांनी पुढे 'ख्रिस्त-धर्म-सार'ही संकलित केले. मग अभय आणि देवाचे भय यांचा मेळ कसा बसावा? लूकच्या पहिल्याच अध्यायात गब्रिएल दूत मरियेला भिऊ नये म्हणून सांगतो, आणि थोड्याच ओळींनंतर तीच मरिया आपल्या स्तोत्रात देवाचे भय धरणाऱ्यांवरील त्याच्या दयेचे गुणगान करते. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. मराठीत मात्र पहिल्या ठिकाणी 'घाबरणे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'धाक बाळगणे' म्हणण्याची सोय आहे.