सरकीतून जगभर गेलेली अळी

शेंदरी बोंडअळी ही काही काल-परवाची पाहुणी नव्हे. 1842 साली भडोचकडच्या कपाशीत तिनं नुकसान केलं. तिथल्याच नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं तिच्या पतंगाला शास्त्रीय नाव दिलं. पुढं सरकीत लपून ती इजिप्तला गेली, तिथून 1911 च्या सुमारास मेक्सिकोत आणि 1917 साली अमेरिकेत टेक्सासला पोचली.

आपल्याकडं 2002 साली बीटी कपाशी आली, तेव्हा वाटलं, पीडा टळली. पण 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली, तर आत किडकी सरकी! अमेरिकेनं मात्र 2018 साली तिचं उच्चाटन जाहीर केलं. बीटीच्या जोडीला वांझ पतंग, सापळे आणि वेळेवर पऱ्हाटीचा नायनाट, असं सगळं मिळून केलं म्हणून.

ओळख अशी : पतंग लहान, करड्या रंगाचा, पंखांवर काळपट ठिपके. न उमललेली गुलाबासारखी डोमकळी दिसली की सावध व्हा. बोंड वरून चांगलं दिसतं, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजतं. म्हणून हिरवी बोंडं फोडूनच पाहा. एकरी दोन कामगंध सापळे लावा. फरदड घेऊ नका. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, अळी तिथंच दबा धरून बसते.