परसातली विचारपूस

वसईचा इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांनी हा मुलूख घेतला, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो जिंकला आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने याच गावी इंग्रजांशी तह केला. या तीन तारखा पाठ झाल्या की शाळेतली वसई संपते. परंतु या तिन्ही तारखांच्या आधी आणि नंतर वसईची माणसे दररोज सकाळी काय करीत होती, असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे : झाडांना पाणी घालीत होती. त्या माणसांचा आणि त्यांनी कुंपणावरून एकमेकांस विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास आम्हांस येथे मांडावयाचा आहे.

वसई स्टेशनापासून पश्चिमेला निघाले की गिरीज, भुईगाव, निर्मळ अशी गावे लागतात आणि पलीकडे समुद्र. जमीन रेताड, विहिरीला पाणी थोड्याच हातांवर. या पट्ट्यात सामवेदी आहेत, कुपारी ख्रिस्ती आहेत, वाडवळ आहेत, कोळी आणि आगरी आहेत. देवळे व चर्चे निराळी, पण वाडी सर्वांची एकाच रीतीची. येथे वाडी आणि परस यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. वाडी पोटासाठी : केळी, पानवेल, भाजी, मोगरा. तिचा माल पहाटेच्या गाडीने दादरला जातो. परस हौसेसाठी : जास्वंद, चाफा, अळू, कढीलिंब, एखादी पपई. आता हौस आणि पोट यांच्यामध्ये भिंत घालणे हे आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला मुळीच जमत नाही, आणि भुईगावातही ते कोणाला जमलेले दिसत नाही. वाडीतली राजेळी केळ उन्हात सुकवून तिची सुकेळी करतात, आगाशीची सुकेळी तर प्रसिद्धच आहे. पण त्याच केळीचा एक मुनवा परसात मोरीच्या पाण्यावर लावलेला असतो, आणि तो मात्र विकावयाचा नसतो.

मुनवा शेजाऱ्याला फुकट द्यावयाचा आणि त्यासोबत सल्लाही द्यावयाचा, ही या परसांची रीत. रुंद पानाचा घेऊ नका, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानाचा घ्या, तो जोमाने वाढतो. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडा, मग छाटा, मग शेणखत घाला, म्हणजे उन्हाळ्यात फुलांना तोटा नाही. कढीलिंबाला आंबट ताक. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोणीच्या तेलाचा फवारा. एका आळीत दोन जाणती माणसे असतील तर सल्ले तीन मिळतात. एकीकडे मासळीचे खत, दुसरीकडे निंबाची पेंड. ज्याचे झाड आधी फुलेल त्याचे खरे. पुराव्याची याहून सरळ कसोटी आम्ही कोणत्याही न्यायालयात पाहिलेली नाही.

ही विचारपूस किती जुनी, याला लेखी पुरावा फारसा नसावयाचा, कारण कुंपणावरचे बोलणे कोण लिहून ठेवतो? तथापि एका माणसाने ते लिहून ठेवले, आणि तेही आपल्याच शेजारी राहून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात या देशाची औषधे, फळे, मसाले यांची माहिती आहे, परंतु आम्हांस मोलाची वाटते ती त्याची मांडणी. सारा ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. एक पाहुणा विचारतो, घरधनी सांगतो, मध्येच घरातली माणसे बोलतात. मुंबईतल्या आपल्या बागेतले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, हेही तो अभिमानाने नमूद करतो. ज्याच्या बागेत असा आंबा आहे तो माणूस गप्प बसणे शक्यच नव्हते! पुढे १५८० साली धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी थडग्यातून काढून जाळल्या, कारण तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळीत होता असा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. पपई, पेरू, अननस, काजू आणि मिरची ही मंडळी अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच आपल्याकडे आली. आज भुईगावच्या परसात त्यांना परकी म्हणण्याची कोणाची छाती नाही.

येथवर हा माती-पाण्याचा इतिहास झाला. परंतु हौसेला आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे वेळ. तो कोणी दिला, की मिळवावा लागला? मुंबईच्या गिरणीत एकोणिसाव्या शतकात कामगार सूर्योदयाला आत जाई आणि सूर्यास्ताला बाहेर येई. त्याच्या खोलीच्या दाराशी डब्यात तुळस असली तरी ती त्याला उजेडात दिसत नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. लोखंडे माळी समाजातले आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. ज्यांचे पूर्वज फुले पिकवीत आले त्यांच्यातल्याच एकाने कामगाराला रविवार मिळवून दिला, याचा उल्लेख बागकामाच्या पुस्तकांत आम्हांस अद्याप आढळला नाही. दिवसाचे तास कमी होण्यास मात्र फार वर्षे गेली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास, १९३४ साली चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. प्रत्येक सुटलेल्या तासामागे किती संप आहेत, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

विलायतेत ही लढाई वेळेपुरती थांबली नाही. १९०८ च्या कायद्याने तेथील नगरसंस्थांवर असे बंधन आले की लोकांनी मागणी केल्यास त्यांना भाडेपट्ट्याने बागेसाठी तुकडे द्यावेत. जर्मनीत लाइपझिगला त्याआधीच अशा बागा निघाल्या होत्या. शेजारी-शेजारी लावलेल्या त्या तुकड्यांवर खाणकामगार आणि शिंपी एकमेकांस बटाट्याच्या रोगाविषयी विचारीत. आपल्याकडे युद्धकाळात सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणून सांगितले, आणि १९५० साली कन्हय्यालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. पण जागेचा हक्क कोणी दिला नाही. भाषण दिले, खड्डा खणला, छायाचित्र काढले.

सरकारची वाट न पाहता हे काम केले ते श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते गणित शिकवीत. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी ‘प्रयोग परिवार’ चालविला. त्यात ना वर्गणीची पावती, ना अध्यक्षाची खुर्ची. शेतकरी, शिक्षक, गृहिणी आपापल्या तुकड्यावर प्रयोग करीत आणि तो एकमेकांस पत्रांनी कळवीत. तासगावकडच्या द्राक्षबागाईतदारांनी या रीतीने पुष्कळ शिकून घेतले. पानावर ऊन किती पडते, ते मोजा; पाचोळा जाळू नका, त्याची माती करा; दुसऱ्याने सांगितले म्हणून मानू नका, करून पाहा, हा दाभोलकरांचा आग्रह. घराची गच्ची हेही त्यांच्या दृष्टीने शेतच होते. २००१ साली ते वारले. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कामगारांच्या साथीने भाजी आणि फळझाडे वाढविली, तीही दाभोलकरांच्याच विचारावरून. स्वयंपाकघरातली साले आणि देठ तेथेच मातीत जात. गोदी कामगारांच्या जेवणाच्या उष्ट्या-खरकट्यातून बाग उभी राहते, हे ऐकून आमच्या युनियनमधली जुनी मंडळी प्रथम हसली, मग पत्ता विचारू लागली.

आता पुन्हा वसईकडे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा त्याच दारातून आत गेले नाहीत. लालबाग-परळच्या खोल्या विकून कित्येक कुटुंबे नालासोपारा-विरारला आली. इमारती उठू लागल्या आणि इमारतींना पाणी हवे. ते आले वाड्यांच्या विहिरींतून, टँकरने. उपसा वाढला, समुद्र जवळच, तेव्हा गोडे पाणी मागे हटले आणि खारे आत शिरले. ‘बावखल’ म्हणजे पावसाचे पाणी साठविणारा वाडीतला खड्डा. या बावखलांवर रहाट फिरत आणि भोवतालच्या विहिरी भरलेल्या राहत. त्यांतली पुष्कळ बुजविली गेली. १९९० साली वसई-विरारचे नियोजन सिडकोकडे गेले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने पाणी आणि हिरवा पट्टा यांसाठी लोकांना रस्त्यावर आणले. ख्रिस्ती आणि हिंदू, बाया आणि पुरुष एका मोर्चात चालले.

या प्रश्नात आमचे मन दोहींकडे ओढले जाते, हे लपविण्याचे कारण नाही. टँकरची वाट पाहत हंडा घेऊन उभी राहणारी बाई आमच्याच गिरणी कामगाराची बायको होती. ज्याची विहीर आटली तो बागाईतदारही कष्टकरीच. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून तिसराच श्रीमंत झाला. सूर्या धरणाचे पाणी आले, तरी ते घराच्या नळापुरते. वाडीची तहान त्याने भागत नाही.

गंमत अशी, की या दोघांची ओळख सभेत झाली नाही, ती परसाच्या कडेला झाली. तळमजल्यावर राहणारी सातारकडची बाई तेलाच्या डब्यात गवती चहा लावते आणि भुईगावच्या फूलवालीला विचारते, “काकी, आमचा मोगरा पाने धरतो पण फूल धरत नाही, काय करू?” काकी म्हणते, “सावलीत ठेवलायस, उन्हात काढ.” पुढच्या खेपेला काकी तिच्याकडून घेवड्याचे बी मागून घेते. आजकाल या गावांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न निराळा आहे : विहीर मचूळ झाली, आता काय लावू? जुनी माणसे सांगतात, नारळ तग धरील, चिकूही धरील, केळ आणि मोगरा मात्र धरणार नाहीत. मग विचारणारा म्हणतो की मोगरा तर आजीने लावलेला आहे. तेव्हा सल्ला असा मिळतो, की पावसाळ्यात पागोळीचे पाणी पिंपात धरा, तेवढे एका मोगऱ्याला मे महिन्यापर्यंत पुरते की नाही ते पाहा, आणि आम्हांला येऊन सांगा.