तळटीप : ‘लस घेऊनही बाधा’
* उल्हासनगरला लागून असलेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ४ डिसेंबर २०२१ रोजी राज्यातील पहिला ओमायक्रॉनबाधित आढळला, आणि पुढील महिन्याच्या लाटेत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील लस घेतलेले रहिवासीही आजारी पडले, याचे मुख्य कारण विषाणूच्या रूपांतरात आहे. विषाणूच्या ज्या काटेरी प्रथिनास चिकटून प्रतिपिंडे त्याचा पेशीप्रवेश रोखतात, त्यातच तीसहून अधिक फेरबदल झाल्यामुळे पूर्वीची पुष्कळशी प्रतिपिंडे निष्प्रभ ठरली. तथापि बाधित पेशी हुडकून नष्ट करणाऱ्या टी-पेशी त्या प्रथिनाचे अनेक निरनिराळे अंश ओळखत असल्याने त्यांचे सामर्थ्य बव्हंशी अबाधित राहिले व लसधारकांत गंभीर आजार विरळा झाला. लस व्यर्थ गेली, हा त्या काळचा समज सर्वथा चुकीचा होय. — संपादक