साथीचे दिवस आणि कामगाराचा पगार

साथ येण्याआधी घरात चार पैसे आणि महिन्याचे धान्य असावे, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. उपदेश खोटा नाही. पण ज्याच्या हाती कमाई वेळेवर पडतच नाही, त्याने राखून ठेवायचे काय? मुंबईच्या प्लेगचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. 1891 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. 1897 च्या आरंभीच्या महिन्यांत त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. ज्याच्या गाठीला पैसा, तो सुखाने गेला. गिरणीकामगारापुढे मात्र पेच पडला. पगार महिनेवारी, आणि तोही महिना सरल्यावर कित्येक दिवसांनी मिळे. गावी जावे, तर घाम गाळून कमावलेले पैसे गिरणीत अडकलेले. राहावे, तर जिवावर बेतलेले. तोवर चूल पेटायची ती वाण्याच्या उधारीवर.

हे दुखणे नारायण मेघाजी लोखंडे यांनी बारा वर्षे आधीच ओळखले होते. 1884 साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती आपल्याला आठवते. त्यांतलीच एक मागणी अशी, की मागल्या महिन्याचा पगार 15 तारखेच्या आत मिळावा. पंधरा तारीख! एवढेही मागावे लागत होते. पुढे प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 9 फेब्रुवारी 1897 रोजी लोखंडे स्वतःच प्लेगला बळी पडले.

आणि गंमत पाहा. माणसे मिळेनात, तेव्हा मालकांनीच रोजचा पगार रोज चुकता करायला सुरुवात केली. नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागू लागली. अर्ज करून जे मिळाले नव्हते, ते गरज पडताच मिळाले. साथ ओसरली, माणसे परतली आणि महिनेवारीही परतली.

त्याचा परिणाम पुढे आकड्यांत उमटला. 1921-22 साली सरकारने मुंबईच्या कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. शेकडा 47 कुटुंबे कर्जात होती. कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतके आणि व्याज बहुधा रुपयाला महिना एक आणा, म्हणजे सालाला शेकडा 75. अशा घराला बचतीचे व्याख्यान काय द्यायचे? सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत पगार देण्याचे बंधन घालायला 1936 चा कायदा यावा लागला. आजारपणात काही भत्ता मिळावा, यासाठी 1948 चा राज्य विमा कायदा झाला.

2020 च्या मार्चात टाळेबंदी आली. तेव्हा रोजंदारीवर पोट असलेले हजारो लोक पायी गावाकडे निघाले. त्यांना पैसे रोज मिळत होते, पण उद्याची हमी नव्हती. 1897 साली उशीर नडला, 2020 साली बेभरवसा नडला.

म्हणून घरच्यांना माझे सांगणे एवढेच: आधी व्याजाचे कर्ज फेडा, मग महिन्याचे धान्य भरा, आणि पासबुक कुठे आहे ते घरच्या बाईला ठाऊक असू द्या. आणि हेही विसरू नका, की कणगी भरते ती वेळेवरच्या आणि खात्रीच्या पगाराने. तो पगार एकेकट्याने मागून मिळत नाही.