लिंबू आणि ग्रीस

बेडगच्या काकांची जीप ठेवायची की विकायची, हा विषय आमच्या घरी दिवाळीपासून चघळला जात होता. जीप म्हणजे खरी जीप हं! विलीसच्या घराण्यातली, पुढेमागे पाट्यांवर बसलेली, पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद देणारी. आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्यांना आपण एसयूव्ही म्हणतो त्यांची ही पणजी. पानमळ्यातली पानं मिरजेला पोचवण्यात हिची हयात गेली. मधे दोन-तीन वर्षं वडापही करून झालं. पण अलीकडे तिला कंप सुटला होता.

कंप म्हणजे नुसती थरथर नव्हे. मी आई आणि काकूला घेऊन मिरजेहून बेडगला निघालो होतो. वेग पन्नासच्या आसपास. कालव्याच्या पुलाच्या सांध्यावर पुढचं एक चाक आपटलं आणि त्या क्षणापासून दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडायला लागली. स्टेअरिंग हातातून हिसकलं जात होतं, बॉनेट नाचत होतं, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबलं नाही. कुणाला काही झालं नाही, पण काकू खाली उतरली आणि म्हणाली, "विका बाबा ही एकदाची."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. विकायचं ते विका, पण बग कुठे आहे ते कळल्याशिवाय झोप कशी लागायची? पुढचे तीन वीकांत यात गेले. गाडी दुरुस्त झालीच, पण त्या निमित्ताने हाती लागलेला जुना इतिहास मला दुरुस्तीइतकाच भन्नाट वाटला, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिल्या वीकांताला मी तेच केलं जे सगळे करतात. चाकांचं बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. फरक शून्य. मग एका गॅरेजवाल्याने स्टेअरिंगच्या दांड्याला एक आडवा शॉक बसवून दिला. पंधरा दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. सोळाव्या दिवशी, मागे माल असताना, त्याच पुलावर पुन्हा तोच तमाशा.

इथे थोडं थांबून दोन प्रकारच्या कंपांतला फरक सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. चाकाचं वजन एका बाजूला जास्त असेल तर ते प्रत्येक फेरीला एक धक्का देतं. आमच्या जीपचं चाक एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे पन्नासच्या वेगाला सेकंदाला सहा फेऱ्या, सहा धक्के. झोपाळ्याला कुणी तालात धक्का द्यावा तसं. ठरावीक वेगाला हा कंप येतो, वेग वाढला किंवा कमी झाला की जातो. बॅलन्सिंगने बरा होतो तो हा कंप.

दुसरा प्रकार वेगळा. मिरजकरांना तो समजायला सोपा जावा. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे होतात. तंबोऱ्याची तार छेडली की घुमते आणि हळूहळू विरते, कारण छेडताना दिली तेवढीच शक्ती तिच्याकडे असते. सारंगीचं तसं नाही. गज फिरतोय तोवर सूर टिकतो, कारण गजाच्या एकसारख्या हालचालीतून तार स्वतःच आपल्याला हवी तेवढी शक्ती काढून घेत असते. आमच्या जीपचा कंप सारंगीच्या जातीचा होता. पुलाचा सांधा हे फक्त निमित्त. नंतर गाडीचा वेग हाच गज! म्हणून वेग अगदी उतरेपर्यंत तो थांबत नव्हता.

या दुखण्याला इंग्रजीत 'शिमी' म्हणतात, आणि हे नाव पडलं ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गाजलेल्या, खांदे हलवायच्या एका अमेरिकन नाचावरून. १९२०च्या दशकात हा रोग मोटारींत साथीसारखा पसरला. कारण विचित्र होतं: गाड्या सुधारत होत्या! १९२३च्या सुमारास कमी हवेचे मऊ 'बलून' टायर आले. त्याच काळात पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले, म्हणजे पुढचा भार वाढला. रस्ते सुधारले तसा वेग वाढला. प्रत्येक सुधारणा आपापल्या जागी बरोबर, आणि सगळ्या एकत्र आल्यावर गाडी नाचायला लागली. (हापिसात दर रिलीजला आपण दुसरं काय बघतो?)

उपाय म्हणून तेव्हाही लोकांनी पाटे कडक केले, दांड्यांना घर्षण लावलं, शॉक बसवले. १९२५ साली जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने यावर मुळातून विचार करणारा निबंध लिहिला. टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, बरोबर त्याच दिशेने तो जात नाही, किंचित तिरका सरकतो, आणि या सरकण्याशी डगमगीचा संबंध आहे, ही कल्पना त्याने पुढे आणली.

उरलेलं कोडं अखंड एक्सलचं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असली की एक चाक उचललं जाताना सगळा दांडाच तिरका होतो. आणि फिरतं चाक असं तिरकं केलं की ते स्वतःहून बाजूला वळू बघतं. सायकलचं फिरतं चाक दोन्ही हातांत धरून कलवून पाहा, मनगटाला लगेच कळेल. म्हणजे खड्ड्याने चाक उचललं, तिरकं झालं म्हणून वळलं, वळलं म्हणून टायरने आडवा जोर लावला, त्या जोराने दांडा पुन्हा कलला... झालं, चक्र सुरू!

हे चक्र तोडण्याचं काम जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने पुढे नेलं. रोल्स-रॉइस सोडून १९३० साली तो कॅडिलॅकमध्ये आला होता. गाडी आरामदायक हवी तर पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात, असं त्याच्या प्रयोगांतून दिसलं. पण अखंड एक्सलखाली मऊ स्प्रिंगा घातल्या की शिमी हजर. मग दांडाच काढा! प्रत्येक चाक स्वतंत्र टांगा. १९३४च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. १९३४ साली उत्तर सापडलं होतं, तर १९४१ साली जन्मलेल्या जीपला अखंड एक्सल कसा? बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं का?

माहीत होतं, आणि चांगलंच! विलीसचा मुख्य अभियंता होता डेल्मर 'बार्नी' रूस. हा माणूस आधी स्टुडबेकरमध्ये होता आणि तिथल्या १९३५च्या गाड्यांचं 'प्लेनर' नावाचं स्वतंत्र सस्पेन्शन याचंच. युद्धानंतर १९४६च्या विलीस स्टेशन वॅगनलाही त्याने तसंच सस्पेन्शन दिलं. पण १९४९ साली त्याच वॅगनला चारही चाकांची ताकद द्यायची वेळ आली, तेव्हा पुढे पुन्हा अखंड एक्सल आला. कारण सरळ आहे. चाकांना ताकद द्यायची, चिखलात-दगडात मार खायचा आणि कुठेही हातोडी-पान्याने दुरुस्त व्हायचं, तर एक मजबूत दांडा आणि दोन पाटे यांना त्या काळी तोड नव्हती. त्याची किंमत एकच: सगळे सांधे कायम घट्ट आणि ओले पाहिजेत. चक्र तिथेच असतं, फक्त सांध्यांनी धरून ठेवलेलं असतं.

तीच रचना आपल्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धात कैलाशचंद्र महिंद्र भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते, तिथे त्यांची रूसशी गाठ पडली. १९४५ साली निघालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद'मधले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. मुंबईत माझगावला विलीसच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९६८ साली बंद पडलं, आपल्याकडे त्याचे वंशज पुढे कित्येक वर्षं बनत राहिले. काकांची जीप त्यातलीच.

असो. तिसऱ्या वीकांताला काकांच्या जुन्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीपुढे. त्यांनी गाडीखाली डोकावून पहिलं वाक्य टाकलं, "तो शॉक काढा आधी. रोग दिसू दे की."

मी मनातल्या मनात हात जोडले. एरर गिळून टाकणारा कोड आधी काढा, हे मी हापिसात पोरांना रोज सांगतो!

मग तपासणी. चाकं जमिनीवरच ठेवून मला स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायला सांगितलं आणि ते खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. एक टायरॉड एंड खुळखुळत होता. पाट्यांच्या शॅकलचे बुश खलास. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. चाक हललं. "आता ब्रेक दाबा." मी दाबला. तरीही हललं. "म्हंजे हबचं बेअरिंग न्हवं, किंगपिन." ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागची नकल जखडून एक होतात, तेव्हा हबचं ढिलेपण असेल तर ते नाहीसं होतं. जे उरतं ते किंगपिनचं, म्हणजे ज्या खुंट्यांवर चाक वळतं त्यांचं. पाच मिनिटांत निकाल!

उघडल्यावर खालचं बेअरिंग गंजलेलं निघालं. वाटीवर खाचा पडलेल्या, त्याही नेमक्या सरळ जाताना रोलर असतात तिथे. म्हणून चाक वळवलं की घट्ट आणि सरळ ठेवलं की ढिलं. नकलचं सील वाळून चिरलं होतं, आतलं ग्रीस सुकून खडू झालं होतं आणि त्यात कालव्याकाठचा चिखल.

दोन्हीकडे नवी बेअरिंगं, नवी सीलं, बुश, टायरॉड एंड. शेवटी मिस्त्रींनी पालेभाजीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा काढला, टायरॉड सोडवून ठेवला आणि नकलचा हात काट्याने ओढत, टोपीखालच्या कागदासारख्या पातळ शिम एकेक काढत गेले. किती ओढल्यावर नकल वळते ते काट्यावर बघायचं आणि दोन्ही बाजू सारख्या करायच्या. फार ढिलं तर शिमी, फार घट्ट तर स्टेअरिंग जड. शेवटची शिम काढली आणि म्हणाले, "बास." आडवा शॉक तिथेच कोपऱ्यात राहिला.

त्याच पुलावरून साठने गेलो. धाडकन आवाज झाला, चाकं एकदा थरथरली आणि गप्प. तंबोऱ्याची तार.

परतताना मी विचारलं, इतकी वर्षं ही गाडी बरी कशी चालली? मिस्त्री म्हणाले, "तुमचं काका ग्रीस मारायचं की दर अमावास्येला."

खरं होतं. दर अमावास्येला काका जीप धुवायचे, ग्रीसगन घेऊन खाली शिरायचे, प्रत्येक निपल भरायचे, आणि मग पुढे लिंबू-मिरची बांधायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर आम्ही लिंबू-मिरची एकदाही चुकवली नाही. ग्रीस तेवढं विसरलो.

रूसने जीपच्या रचनेत एक भाग असा ठेवला होता जो कारखान्यात बसवता येत नाही: गाडीखाली शिरणारा माणूस. तो नाहीसा झाला तेव्हा शिमी आली.

जीप विकली नाही. गेल्या अमावास्येला मी बेडगला होतो. गाडी धुतली, ग्रीसगन घेऊन खाली शिरलो, तासाभराने घामाने निथळत बाहेर आलो आणि लिंबू बांधायला लागलो. सोप्यात खुर्चीवर बसलेल्या काकांनी चांगला हात उचलून बोटाने दाखवलं. डावीकडचा मागचा निपल राहिला होता.